एमआरआयवाले मंडळींसाठी धागा: पेशंटला आत घ्यायच्या आधी तुम्ही नेमकं काय विचारता?

गँट्री_सोलापूर

नमस्कार मंडळी. आपल्या कामाबद्दल मराठीत एक धागा असावा असं बरेच दिवस मनात होतं, आज रविवार आहे, दोनच पेशंट होते, म्हणून लिहायला बसलो. मी ११ वर्षं एमआरआयवर आहे, आधी ०.३५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) ओपन मशीनवर होतो, आता १.५ वर. आमच्याकडे येणारे पेशंट म्हणजे आसपासच्या तालुक्यांतले शेतकरी, विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावर उभं राहून पाठ गेलेले लोक. बहुतेक कंबर आणि मान, मग गुडघे, मग मेंदू.

एक प्रसंग सांगतो, त्यावरूनच हा धागा काढतोय. सात-आठ वर्षं झाली असतील. एक आजोबा कंबरेच्या एमआरआयला आले होते, सोबत मुलगा. फॉर्म भरला, अंगठा घेतला, मी विचारलं "आजोबा, अंगावर काही मेटल आहे का?" नाही म्हणाले. मुलालाही विचारलं, तोही नाही म्हणाला. आत घेताना दारापाशी त्यांचा हात सारखा कमरेकडे जात होता, मला वाटलं दुखतंय म्हणून. सहज म्हणून हात लावून बघितला तर गाऊनच्या आत बंडी तशीच होती, एसी गार लागतो म्हणून काढली नव्हती, आणि बंडीच्या आतल्या खिशात चंची, चंचीत चुन्याची डबी आणि चांगला वीतभर लोखंडी अडकित्ता. मी हातात घेतला तेव्हा ते म्हणाले, "मेटल न्हाई बाबा, अडकित्ता हाय."

त्या दिवशी घरी जाऊन मला जेवण गेलं नाही. आजोबा खोटं बोलले नव्हते, त्यांना मेटल म्हणजे काय ते कधी कुणी सांगितलंच नव्हतं. प्रश्न माझा चुकला होता. आपलं मशीन दारात काही जाणवू देत नाही, आताच्या मॅग्नेटचं शिल्डिंग असं असतं की बोअरच्या (पेशंट ज्या बोगद्यात जातो त्याच्या) तोंडाजवळ चुंबकाचं फील्ड एकदम चढतं, म्हणजे चार पावलं काही नाही आणि पाचव्या पावलाला वस्तू हातातून सुटते, आणि तेव्हा आजोबांचं डोकं किंवा पोट मध्ये असतं.

तेव्हापासून मी "मेटल" हा शब्द विचारताना वापरतच नाही. वस्तूचं नाव घेऊन विचारतो. अडकित्ता, चुन्याची डबी, किल्ल्या, कनवटीची नाणी, करदोट्याला बांधलेली किल्ली किंवा ताईत, कानातलं मशीन, दाताची कवळी, मोबाइल, एटीएम कार्ड, नेलकटर. एकेक नाव घेतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. दीड मिनिट लागतं फक्त.

तुम्ही काय काय विचारता ते लिहा. बाकी रोजचे प्रश्न असतील, प्रोटोकॉलचे, कॉइलचे, तेही इथेच टाका.

नीलम_पुणे

दादा, धागा काढलात ते फार बरं झालं. बायकांची यादी मी देते, कारण आमच्या सेंटरला लेडी टेक्निशियन मी एकटीच आणि सगळ्या बायका माझ्याकडेच येतात. साडीच्या निऱ्यांची आणि पदराची सेफ्टी पिन, ब्लाउजचे हुक, अंबाड्यातले आकडे आणि पिना (अंबाडा सोडायलाच लावायचा, वरून हात फिरवून कळत नाही), गजऱ्याची तार, चमकी, जोडवी, पैंजण, आणि जरीची साडी. जरीचं खूप जणांना माहीत नसतं. जरीत धातूची तार किंवा पत्रा असतो, आरएफमध्ये (मशीनच्या रेडिओ लहरींत) तो तापू शकतो, म्हणून साडी नेसून स्कॅन नाहीच, गाऊनच. आणि हल्ली खेळायच्या कपड्यांत, घामाचा वास येऊ नये म्हणून चांदीचे धागे असतात म्हणे, तेही काढायला लावते, लेबल वाचत बसत नाही.

मंगळसूत्राबद्दल मात्र मनापासून लिहायचंय. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे सगळ्यांना माहिती असतं आणि पेशंटही तेच सांगतात, "सोन्याला काय होतंय". पण मणी ज्या तारेत ओवलेत ती तार कसली ते कुणालाच माहीत नसतं, आकडा कधी स्टीलचा असतो, आणि गळ्याभोवती बंद वेढा झाला की तो तापू शकतो, शिवाय मानेचा स्कॅन असेल तर तिथलं चित्र खराब. तर काढायचंच. पण काढा म्हटलं की काही बायकांचा चेहरा उतरतो, विशेषतः नवरा आयसीयूत असेल किंवा तिचंच ऑपरेशन ठरलं असेल तर. अशा वेळी "नियम आहे, काढा" असं तुसडेपणानं बोलू नका हो. मी खुर्ची देते, बसवते, तिच्या हातानंच काढायला लावते, आमच्याकडे छोट्या डब्या ठेवल्यात, डबी तिच्यासमोर तिच्या मुलीच्या किंवा सासूच्या हातात देते. एकदा एक सासूबाई घरूनच पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून घेऊन आल्या होत्या, मला म्हणाल्या हे गळ्यात चालेल ना. चालेल म्हटलं, का नाही चालणार. सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हापासून आम्ही दोरा आणि हळकुंडं ड्रॉवरमध्येच ठेवतो, दहातल्या एखादीला लागतं.

जोडवी निघत नसतील तर अल्ट्रासाउंडची जेली लावून फिरवत काढा, बहुतेक निघतात. अजिबातच नाही निघाली आणि स्कॅन मेंदूचा असेल तर मी रेडिओलॉजिस्टना विचारून, बोटांमध्ये गॉज घालून, "गरम लागलं तर लगेच बल्ब दाबा" (हातात दिलेला इशाऱ्याचा रबरी फुगा) सांगून घेते. घोट्याचा किंवा पावलाचा स्कॅन असेल तर कापूनच काढावी लागतात, नाइलाज आहे.

इंटर्न_नांदेड

नमस्कार सर आणि ताई. मी बीपीएमटी रेडिओग्राफी झालो, आता इंटर्नशिप चालू आहे, एमआरआयला पोस्टिंग लागून तीन आठवडे झाले. मला दोन शंका आहेत. एक म्हणजे पायात रॉड किंवा प्लेट असलेले पेशंट रोज येतात, कार्ड कुणाकडेच नसतं, आमचे सिनिअर म्हणतात रॉड चालतो घे, पण मला भीती वाटते. दुसरं, स्कॅन सुरू करताना मध्येच एसएआरची विंडो येते, सिनिअर ओके दाबतात, ती नेमकी कशाबद्दल असते? पुस्तकात वाचलंय पण रोजच्या कामात तिचं काय करायचं ते कळत नाही.

कॉइल_काका

बाळा, भीती वाटते हे चांगलं लक्षण आहे, ती घालवू नकोस. मी मुंबईत २४ वर्षं हे काम करतोय, मला अजून वाटते.

आधी रॉड. हाडात बसवलेले रॉड, प्लेट, स्क्रू, गुडघ्याचे-खुब्याचे सांधे हे आजकाल टायटॅनियमचे, ३१६एल स्टेनलेस स्टीलचे किंवा कोबाल्ट-क्रोमचे असतात, ते ओढले जात नाहीत आणि हाडात पक्के असतात, त्यामुळे बहुतेक वेळा स्कॅन होतो. होतो म्हणजे रेडिओलॉजिस्टच्या परवानगीने, आपल्या मनाने नाही. पेशंटला सांगायचं की तिथे ऊब किंवा चटका वाटला तर बल्ब दाब. बाहेरून लावलेला फिक्सेटर ही वेगळी गोष्ट, त्याचं मॉडेल कळल्याशिवाय हात लावू नकोस.

पण मेंदूतली क्लिप, पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, न्यूरोस्टिम्युलेटर यांना "चालतं" हा शब्द कधी वापरायचा नाही. कागद पाहिजे, कागदावर मॉडेल नंबर पाहिजे आणि त्या मॉडेलच्या अटी वाचायला पाहिजेत. एमआर कंडिशनल म्हणजे अटींवर चालणारं, १.५ ला चालेल आणि ३ ला नाही असंही असतं, पेसमेकर तर आधी प्रोग्रॅमिंग करून घ्यावा लागतो आणि कार्डिऑलॉजीचा माणूस हजर लागतो. जुन्या मेंदूच्या क्लिपा लोखंडी गुणाच्या असायच्या, फील्डमध्ये त्या फिरतात, रक्तवाहिनी फाटते आणि माणूस टेबलवर जातो. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, डोकेदुखी, फॉर्मवर "ऑपरेशन नाही". मी केस बाजूला करून बघितले, कपाळाच्या वर केसांत जुना व्रण. विचारलं तर म्हणाल्या, ते खूप आधी झालं, डोक्यात रक्त आलं होतं. डिस्चार्ज कार्ड गावाकडे पत्र्याच्या पेटीत. त्या दिवशी स्कॅन नाही केला. नातेवाईक चिडले, दोनशे किलोमीटरवरून आलो म्हणाले, मी चहा पाजला पण स्कॅन नाही केला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने कार्डाचा फोटो पाठवला, सर्जनशी बोलणं झालं, क्लिप टायटॅनियमची निघाली, मग घेतला. एक दिवस उशीर झाला एवढंच.

म्हणून "ऑपरेशन झालंय का" एवढंच विचारून सोडायचं नाही. "टाके कधी पडले होते का? अॅक्सिडेंट? हृदयाची तपासणी, स्प्रिंग बसवली? डोक्याला मार? कानाचं काही?" असं विचारायचं. आपल्याकडे लोक स्टेंटला स्प्रिंग म्हणतात हे लक्षात ठेव. आणि व्रण बघ. व्रण विसरत नाही, माणूस विसरतो.

आता एसएआर. आपण शरीरात रेडिओ लहरी सोडतो, त्यातली किती ऊर्जा प्रत्येक किलोमागे शरीर शोषतं तो आकडा, वॉट प्रति किलो. पूर्ण शरीराला नॉर्मल मोडमध्ये २ पर्यंत, फर्स्ट लेव्हलमध्ये ४ पर्यंत. विंडो येते ती तुला सांगते की हा सिक्वेन्स (स्कॅनचा एक टप्पा) नॉर्मलच्या वर जातोय, तू जाणूनबुजून पुढे जातोयस का. म्हणजे ओके दाबणं ही सही आहे. ताप असलेला, बेशुद्ध, लहान मूल, गरोदर बाई, इम्प्लांटवाला असेल तर ओके दाबायचं नाही, टीआर (दोन पल्समधला वेळ) वाढव, स्लाइस कमी कर, फ्लिप अँगल (पल्सचा जोर) उतरव, मशीन स्वतः पर्याय सुचवतं ते घे. ३ टेस्लाला हा त्रास जास्त, कारण फील्ड दुप्पट झालं की एसएआर साधारण चौपट होतो.

आणि एक गोष्ट जी कुणी शिकवत नाही. हा आकडा मशीन काढतं ते तू टाकलेल्या वजनावरून. पेशंट व्हीलचेअरवर असला की लोक अंदाजाने ७० टाकतात. बाई ४५ किलोची आणि तू ७० टाकलंस तर मशीन चुकीच्या भरवशावर चालतं. दारात वजनकाटा ठेव.

गँट्री_सोलापूर

काकांनी वजनाचं लिहिलं ते सोन्यासारखं आहे. तेच वजन कॉन्ट्रास्टलाही (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतो ते गॅडोलिनियमचं औषध) लागतं. नेहमीचा डोस ०.१ मिलिमोल प्रति किलो. आता ०.५ मोलरचं कॉन्ट्रास्ट असेल तर ०.२ मिली प्रति किलो, म्हणजे ६० किलोला १२ मिली, आणि गॅडोब्युट्रॉल १ मोलरचं येतं, त्याला ०.१ मिली प्रति किलो, म्हणजे ६० किलोला ६ मिलीच. स्टोअरने ब्रँड बदलला आणि आपण हाताच्या सवयीने १२ भरलं की डबल डोस. बाटली हातात घेतल्यावर मोठ्याने वाचायची. क्रिएटिनिन जुनं चालत नाही, ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर रेडिओलॉजिस्टला फोन, कॉन्ट्रास्ट मॅक्रोसायक्लिक प्रकारचं आहे की लिनिअर तेही बघायचं.

माई_सातारा

मी तुमच्या क्षेत्रातली नाही, माझ्या आईचा बुधवारी एमआरआय आहे म्हणून शोधता शोधता इथे आले. वय ७१, डावा गुडघा बदललेला आहे, कंबरेचा एमआरआय सांगितलाय. ती लिफ्टमध्येसुद्धा जात नाही, जीव घाबरतो म्हणते. शेजारच्यांनी सांगितलं की त्यात खूप रेडिएशन असतं आणि वर्षातून एकदाच करता येतो. काय करू? गुडघ्याचं कसं होईल?

नीलम_पुणे

ताई, आधी रेडिएशनचं. एक्स-रे आणि सीटीत आयोनायझिंग रेडिएशन असतं, एमआरआयमध्ये ते नसतं, चुंबक आणि रेडिओ लहरी असतात. डॉक्टरांनी सांगितलं तर पुन्हा करता येतो, वर्षाचा हिशोब नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड घेऊन जा आणि ते पोचल्या पोचल्या दाखवा, कुणी विचारायची वाट बघू नका.

घाबरण्याचं सांगते. आईंना आदल्या दिवशीच सांगा की ठोकल्यासारखा, ढोल वाजल्यासारखा मोठा आवाज येतो, तो आतल्या ग्रेडिअंट कॉइल हादरतात त्याचा असतो, मशीनचं काही बिघडलेलं नसतं. कानात बोळे मिळतील, ते नीट बसलेत ना ते बघा. काउंटरला आधीच सांगून ठेवा की पेशंट घाबरते, म्हणजे सकाळचा पहिला नंबर देतील, वाट बघण्यातच माणूस अर्धा घाबरतो. कंबरेसाठी पाय आधी आत घालून घेता येतं, तशाने डोकं तोंडाजवळ राहतं, विचारून बघा. आत जायच्या आधीच डोळ्यांवर रुमाल ठेवायला सांगा, आत गेल्यावर डोळे उघडले की छत नाकाजवळ दिसतं आणि मग कुणाचं ऐकत नाहीत. हातात बल्ब असतो, तो एकदा दाबून बघायला द्यायचा, दाबला की ताई येतेय हे एकदा दिसलं की जीव शांत होतो.

तुम्हाला आत बसायची परवानगी मिळू शकते, पण मग तुमचीही सगळी चौकशी तेवढीच होणार, तुमच्याही पिना निघणार. पायाला हात लावून बसा, खूप फरक पडतो.

गँट्री_सोलापूर

आणि टेक्निशियन मंडळी, आपण काय करायचं ते लिहितो. प्रत्येक सिक्वेन्सच्या आधी माइकवर बोला. "आजी, आता चार मिनिटांचा आवाज आहे, हलू नका." झाला की "छान झालं, आता तीन मिनिटांचा." माझा अनुभव असा की नुसतं "हलू नका, झालंच" म्हटलं की पेशंट सहाव्या मिनिटाला हलतो, पण मिनिटं सांगितली की पंचवीस मिनिटं सुद्धा निघतात. खोटी मिनिटं सांगायची नाहीत. एकदा खोटं कळलं की पुढे तो आपलं ऐकत नाही.

पोटाच्या स्कॅनला "श्वास धरा" म्हटलं की आमच्याकडचे लोक छाती भरून घेतात आणि दहा सेकंदांत सोडतात. मी बाहेर खुर्चीवर बसवून पोटावर हात ठेवतो आणि म्हणतो, "श्वास घ्या, सोडा, आता दम रोखा." दम रोखा म्हटलं की कळतं. श्वास सोडून रोखला की यकृत दर वेळी साधारण त्याच जागी येतं, भरून रोखला की दर वेळी वेगळीकडे. तीनदा बाहेर करून घ्यायचं मगच आत.

नाइट_ड्यूटी

हे सगळं वाचायला छान वाटतं. आमच्या सेंटरला दिवसाला ३५-४० स्कॅन आहेत, मालक सीसीटीव्हीवर बघतो दोन पेशंटमध्ये किती वेळ गेला ते, वॉर्डबॉय एक आणि तोही रात्री दोन मजल्यांना मिळून. फॉर्मवर सही घेतली की जबाबदारी पेशंटची. प्रत्येकाला अडकित्ता-चुना विचारत बसलो तर पहाटे चारला सुटणार. राग मानू नका, पण जमिनीवरची परिस्थिती ही आहे.

कॉइल_काका

राग नाही, तुझी अडचण खरी आहे, मीही त्यातून गेलोय. पण सहीने चुंबक थांबत नाही रे.

जानेवारी २०१८ ची मुंबईतली घटना तुला माहीत असेलच. ३२ वर्षांचा माणूस, पेशंटही नव्हता, नातेवाईक होता, ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआय रूममध्ये गेला आणि गेलाच. मशीन बंद आहे असं त्याला सांगितल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. त्याच्या आधी २०१४ मध्ये नवी मुंबईत सिलिंडर ओढला गेला आणि दोन कर्मचारी सुमारे चार तास मशीनला अडकून होते. २००१ मध्ये न्यूयॉर्कजवळ सहा वर्षांचा मुलगा गेला, तिथेही ऑक्सिजनचा सिलिंडरच. देश दोन, काळ तीन, लोक वेगळे, वस्तू तीच, आणि ती तिन्ही वेळा बाहेरून कुणीतरी मदत म्हणून आणली होती.

मशीन बंद आहे हा गैरसमज आपल्या वॉर्डबॉयच्या, मावशींच्या, लिफ्टमनच्या डोक्यातून काढणं हे आपलं काम आहे, दुसरं कुणी करणार नाही. आवाज बंद असला, दिवे बंद असले, लाइट गेली तरी चुंबक चालूच असतं, कारण कॉइल द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशाला असते आणि करंट त्यात फिरत राहतो. मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नवीन आलेल्या सगळ्या वॉर्डबॉयना आणि सफाईच्या मावशींना दारात उभं करतो, दोरीला स्टीलचा क्लिपबोर्डचा चिमटा बांधून दाखवतो, दोरी माझ्या हातात घट्ट धरून, आणि तो चिमटा हवेत आडवा होतो. एकदा बघितलं की पुन्हा सांगावं लागत नाही. (चिमटा छोटा, दोरी जाड, रूममध्ये पेशंट कुणी नाही आणि रेडिओलॉजिस्टची परवानगी, हे सगळं असेल तरच करा.)

मालकाला एक गोष्ट सांगून बघ. क्वेंच (हेलियम उडवून चुंबक तातडीनं उतरवणं) करावं लागलं तर एक लिटर हेलियमचा साधारण साडेसातशे लिटर वायू होतो, सगळं छतावरून जातं, पुन्हा भरणं आणि मॅग्नेट चढवणं लाखांत जातं आणि मशीन कित्येक दिवस बंद. दीड मिनिटाच्या प्रश्नांचा हिशोब त्याच्याशी करायला सांग.

नाइट_ड्यूटी

काका, हे क्वेंचचं मला खरंच कुणी शिकवलेलं नाही. भिंतीवर दोन लाल बटणं आहेत, एकावर काच आहे. एखादा अडकला तर कोणतं दाबायचं?

कॉइल_काका

विचारलंस ते फार बरं केलंस. एक बटण वीज तोडतं, स्कॅन आणि इलेक्ट्रॉनिक्स बंद होतं, चुंबक तसंच राहतं. आग लागली, धूर आला, शॉक बसला, तर ते. काचेखालचं क्वेंचचं, त्याने चुंबक उतरतं, पण लगेच नाही, मिनिटभर किंवा जास्त लागतं. माणूस चेंगरलाय आणि जीव धोक्यात आहे तेव्हाच ते, आणि तेव्हा मालकाला फोन करत बसायचं नाही, दाबायचं. खुर्ची किंवा बादली चिकटली तर क्वेंच नाही, इंजिनिअरला बोलवायचं. क्वेंच करताना दार उघडं ठेव, वायू छतावर नेणारा पाइप फुटला तर वायू खोलीत भरतो, ऑक्सिजन हटतो आणि आतून दाबामुळे दार उघडत नाही.

आणि टेबलवर पेशंटचं हृदय थांबलं तर आत सीपीआरची गर्दी करायची नाही. टेबल खेच, ट्रॉलीवर घे, आधी बाहेर काढ, मग सगळं बाहेर. कारण आत सुरू केलं की कुणीतरी धावत सिलिंडर आणि डिफिब्रिलेटर घेऊन येतंच. उद्या ड्यूटीला गेलास की दोन्ही बटणं डोळ्यांनी बघ आणि त्यांच्यावर मराठीत मोठी पट्टी लाव.

मीनल_लीड्स

मी मूळची कोल्हापूरची, इथे इंग्लंडमध्ये एमआरआय रेडिओग्राफर आहे. इथे पेशंटची चौकशी दोनदा होते, वेगवेगळ्या माणसांकडून, आणि दर वेळी नव्याने, मागच्या आठवड्यात तोच पेशंट आला असला तरी. वस्तूंवर खुणा असतात, हिरवा चौकोन म्हणजे आत चालणारी, पिवळा त्रिकोण म्हणजे अटींवर, लाल गोल म्हणजे आत नाही. तुमच्या ट्रॉली, सिलिंडर, स्टूल, मॉपच्या बादलीवर या खुणांचे स्टिकर लावा, ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो. आम्ही आत फक्त अॅल्युमिनियमचे, पिवळ्या त्रिकोणाच्या खुणेचे सिलिंडर नेतो.

कुणी गरोदर टेक्निशियन असेल तर सांगते, माझा सातवा महिना चालू आहे. मी काम करतेय, पेशंटला टेबलवर घेते, कॉइल लावते, फक्त स्कॅन चालू असताना रूममध्ये थांबत नाही. डिपार्टमेंटला लवकर सांगा, लपवू नका.

चंद्रपूर_१.५टी

आमच्याकडची वेगळीच गोष्ट. उन्हाळ्यात ४५-४६ तापमान, आणि लाइट जाते. गेल्या मे महिन्यात रात्री अडीचला मी कन्सोलवर एकटा होतो आणि अचानक काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय चुकतंय ते दोन मिनिटांनी कळलं, कोल्डहेडचा (हेलियम थंड ठेवणाऱ्या यंत्राचा) चिक-चिक आवाज बंद झाला होता. रोज तो आवाज कानात इतका बसलेला असतो की थांबला की झोपेतून जाग यावी तसं होतं. जनरेटर चालू झाला होता, एसी चालू होता, पण चिलर (थंड पाणी पुरवणारं यंत्र) ट्रिप होऊन परत उठला नव्हता, त्यामुळे कॉम्प्रेसर बंद, कोल्डहेड बंद, आणि हेलियमचा दाब चढायला लागलेला. कॉम्प्रेसरला साध्या पाण्याची बायपास लाइन आहे, ती कुठे आहे ते इंजिनिअरने इन्स्टॉलेशनच्या वेळी दाखवलं होतं म्हणून मला माहीत होतं, टॉर्च घेऊन मागे गेलो, व्हॉल्व्ह फिरवला, कॉम्प्रेसर उठवला आणि चिक-चिक सुरू झालं तेव्हा मी तिथेच फरशीवर बसलो.

सगळ्यांना सांगतो, हेलियमची लेव्हल आणि दाब रोज सकाळी वहीत लिहा, आणि बायपासचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते प्रत्येक शिफ्टच्या माणसाला हात लावून दाखवा.

इंटर्न_नांदेड

छोटे प्रश्न एकदम विचारतो. १) काल सगळ्या इमेजवर एक ठिपक्यांची सरळ रेघ येत होती, सगळ्या सिक्वेन्सला. २) कॉन्ट्रास्टनंतर एसटीआयआर (चरबी दाबणारा सिक्वेन्स) घेऊ का विचारलं तर मॅडम ओरडल्या, का ते नाही सांगितलं. ३) मणके मोजताना एल५ (कमरेचा पाचवा मणका) चुकतो.

गँट्री_सोलापूर

रेघ असेल तर आधी दार बघ. झिपर म्हणतात त्याला, रूमचं आरएफ शिल्डिंग कुठेतरी गळतंय, दहातल्या आठ वेळा दार नीट लागलेलं नसतं किंवा दाराच्या कडेची तांब्याची पट्टी वाकलेली असते. एसटीआयआर चरबी दाबतो तो तिच्या टी१ वरून (पल्सनंतर पूर्ववत व्हायला लागणारा वेळ), आणि गॅडोलिनियम घेतलेल्या गाठीचा टी१ कमी होऊन चरबीच्या जवळ जातो, म्हणजे जी गाठ बघायची तीच दाबली जाऊ शकते. म्हणून कॉन्ट्रास्टनंतर फॅटसॅट टी१ किंवा डिक्सन, या चरबी दाबायच्या वेगळ्या पद्धती.

मणक्यांसाठी पूर्ण पाठीचा लोकलायझर (जागा ठरवायचा झटपट स्कॅन) घे, ४० सेकंद लागतात, वरून सी२ (मानेचा दुसरा मणका) पासून मोजत खाली ये. काहींना कमरेचा मणका सेक्रमला (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाला) जुळलेला असतो, काहींना एक जास्त वाटतो, खालून मोजलं की चुकणारच. आणि सर्जन आपल्या नंबरावर भरवसा ठेवून ऑपरेशन करतो, म्हणून फक्त दिसलं म्हणून नंबर टाकू नकोस. गाठीचा स्कॅन असेल तर पेशंटला बोट ठेवायला लाव आणि तिथे व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटव, टी१ वर पांढरी चमकते, रेडिओलॉजिस्टला शोधत बसावं लागत नाही.

माई_सातारा

आईचा एमआरआय झाला. रुमाल डोळ्यांवर ठेवून, पाय आधी घालून, मी पाय धरून बसले होते. तिथल्या मुलाला मी सांगितलं की मिनिटं सांगत जा, तो म्हणाला ताई असं कुणी सांगितलं तुम्हाला, आणि मग खरंच सांगत गेला. आई बाहेर येऊन म्हणाली मला वाटलं त्यापेक्षा लवकर झालं. सगळ्यांचे मनापासून आभार.

इंटर्न_नांदेड

सर, आज एक झालं ते सांगायलाच आलोय. वेल्डिंग-ग्राइंडिंगचं काम करणारा एक दादा मानेच्या एमआरआयला आला. फॉर्मवर सगळीकडे नाही. मी तुमच्यासारखं नावं घेऊन विचारलं, मग विचारलं, "ग्राइंडिंग करताना डोळ्यात कधी कण गेला होता का, डॉक्टरकडे जावं लागलं होतं का?" तो म्हणाला, "ते तर नेहमीचंच, एकदा डाव्या डोळ्यात गेला होता, पाच-सहा वर्षं झाली, ड्रॉप टाकून बरं वाटलं." सिनिअर म्हणाले घे, काही होत नाही. मी रेडिओलॉजिस्ट मॅडमना फोन केला. त्यांनी डोळ्यांचा एक्स-रे सांगितला. डाव्या डोळ्याच्या खोबणीत बारीक पांढरा ठिपका. एमआरआय रद्द केला, सीटी झाला.

सिनिअरनी संध्याकाळी येऊन मला माझी प्रश्नांची यादी मागितली. मी ती वहीतून फाडून दिली, आता पुन्हा लिहितोय.

गँट्री_सोलापूर

शाब्बास. मनापासून शाब्बास.

एक काम राहिलंय, ते उद्या सकाळी आधी कर. त्या दादाला फोन करून बोलव, एक्स-रे आणि रिपोर्ट त्याच्या हातात दे, आणि फाइलच्या वर जाड पेनाने मराठीत लिही की डाव्या डोळ्यात लोखंडाचा कण आहे, एमआरआय करायचा नाही. त्याच्या बायकोलाही वाचून दाखव. मानेचं दुखणं थांबलं नाही तर तो महिन्याभरात दुसऱ्या सेंटरला जाईल, आणि तिथे त्याला "मेटल आहे का" एवढंच विचारतील.